तुकड्याची साक्ष

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तेहतीस वर्षे मिरजेत हे काम केले. आता दिवसाकाठी तीनेक तास करते. आमच्याकडे माणसे येत नाहीत, माणसांचे तुकडे येतात. बोटाएवढी बाटली, तिच्यावर नावाची पट्टी, आत फॉर्मालिन आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढे दोन-तीन पांढुरके कण. सोबत एक फॉर्म. घशातून काढलेल्या तुकड्याबरोबर येणाऱ्या फॉर्मवरचा मजकूर बहुतेक वेळा एकाच ठेवणीचा असतो: वय ५८, पुरुष, आवाज बसून चार महिने, तंबाखू चालू, उजव्या स्वरतंतूवर वाढ. शेवटी एक प्रश्नचिन्ह आणि त्याच्या पुढे 'कर्करोग'. डॉक्टरांच्या लिहिण्यात प्रश्नचिन्ह आधी येते, शब्द नंतर.

वर दिलेला मजकूर मनाने रचलेला नाही. तो जत तालुक्यातल्या एका कीर्तनकार बुवांचा आहे. त्यांच्याकडे मी येईनच. त्याआधी त्या प्रश्नचिन्हाविषयी बोलायला हवे, कारण ते पुसून टाकणे हेच माझे काम आणि ते घाईने पुसले तर काय होते हे मी जवळून पाहिले आहे. एकदा तर माझ्याच हातून.

सुरुवातीलाच एक सांगते, म्हणजे कोणी या लेखाचा आधार घेऊन दवाखाना टाळणार नाही. तंबाखू, बिडी, मिश्री, गुटखा यांची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसला आणि आत वाढ दिसली, तर तो बहुधा कर्करोगच असतो. आणि तो स्वरतंतूवर लवकर सापडला तर किरणोपचाराने किंवा लेसरने दहापैकी नऊ जण बरे होतात. उशीर केला तर सबंध स्वरयंत्र काढावे लागते, मानेला केलेल्या भोकातून श्वास घ्यावा लागतो. तेव्हा संशय येणे चूक नव्हे. संशयाला निदान समजणे ही चूक.

घशात आत डोकावता येऊ लागले त्याचे श्रेय एका गवय्याला आहे, हे साहित्य-संगीताच्या वाचकांना आवडावे. मॅन्युएल गार्सिया हे स्पॅनिश कुळातले गायनशिक्षक. गाताना आत नेमके काय हलते, याचे त्यांना कुतूहल होते. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा पडजिभेला टेकवला, दुसऱ्या आरशाने सूर्याचा उजेड आत फेकला आणि स्वतःचे स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचा निबंध वाचला गेला. ते १०१ वर्षे जगले. वैद्यांनी त्यांचा आरसा उचलला आणि घशाच्या रोगांची एक वेगळी शाखाच उभी राहिली. आज त्या आरशाच्या जागी नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण आहे, पडद्यावर स्वरतंतूची लाट संथ करून दाखवणारा प्रकाश आहे. पण दिसते ती वरची बाजू. खडबडीत, लालसर, पांढुरके डाग असलेली, मध्ये खड्डा पडलेली वाढ कर्करोगाची असते, क्षयाचीही असते आणि बुरशीचीही. वर्णनाचे शब्द तेच.

म्हणून तुकडा. आमच्याकडे लोक 'बायॉप्सी' म्हणत नाहीत, 'तुकडा काढला' असे म्हणतात. आणि तो काढला की रोग पसरतो, अशी समजूत अजून जबरदस्त आहे. स्वरतंतूच्या वाढीतून तुकडा घेतल्याने कर्करोग पसरत नाही. मात्र तुकडा न घेता 'आधी औषध देऊन बघू' म्हणून महिनेच्या महिने गेले की असलेला रोग आपोआप पसरतो आणि दोष तुकड्याच्या माथी येतो.

आता सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते सांगते. स्वरतंतूवर पेशींचे थरावर थर असलेले अस्तर असते. त्याच्या तळाशी एक अतिशय पातळ पडदा आणि पडद्याखाली मऊ ऊती. अस्तराच्या पेशी बिघडतात, पडदा फोडून खाली घुसतात, खालच्या ऊतींत त्यांची बेटे तयार होतात, तेव्हा आम्ही कर्करोग म्हणतो. व्याख्या सोपी आहे. अडचण अशी की, खाली काही वेगळीच खळबळ चालली असेल तर वरचे निरोगी अस्तरही जाड होते आणि त्याच्या लांब जिभा खाली उतरतात. त्या पडदा फोडत नाहीत, फक्त लांबतात. पण आम्ही पाहतो तो काप तीन-चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या तीन-चार पट. आपल्या हाताची बोटे उभी धरून त्यांच्यामधून आडवी सुरी फिरवली, तर सुरीच्या पातळीवर पाच सुटी वर्तुळे दिसतील. ती खाली एकाच तळव्याला जोडलेली आहेत हे त्या कापात कळणार नाही. जिभा तिरक्या कापल्या गेल्या की तशीच सुटी बेटे दिसतात आणि मनात 'घुसले' असा शब्द उमटतो.

या सोंगाला आमच्या पुस्तकात लांबलचक नाव आहे. मी विद्यार्थ्यांना बहुरूप्याचे उदाहरण देत असे. तो फौजदाराच्या वेशात दारात उभा राहतो, टोपी, पट्टा, मिशा, सगळे बिनचूक. पण पायाकडे पाहा. वहाणा त्याच्या स्वतःच्या असतात. अस्तर फुगलेले दिसले की खाली पाहायचे. आणि चिमट्याने वरवर ओरबाडलेल्या तुकड्यात नेमका खालचा भागच नसतो.

हे शहाणपण मला १९९४ साली आले, एका शिक्षिकेच्या जिवावर. मी कामाला लागून दोनच वर्षे झाली होती. बेचाळीस वर्षांच्या प्राथमिक शाळेतल्या बाई, आवाज घोगरा. तुकडा आला, काच तयार झाली. अस्तराच्या जिभा खोल उतरलेल्या, सुटी बेटे, बेटांच्या मध्यभागी कांद्याच्या पापुद्र्यासारखे केरॅटिनचे गोळे. पेशी फारशा बिघडलेल्या वाटत नव्हत्या. पण मूळ पेशींशी पुष्कळ साम्य राखणारा सौम्य चेहऱ्याचा कर्करोग असतो, हे परीक्षेत नुकतेच लिहिले होते. मी तसा रिपोर्ट दिला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते, तरी 'मॅडम' म्हणायचे.

"मॅडम, रिपोर्ट मिळाला. मला तो पटत नाही."

"सर, बेटं स्पष्ट आहेत."

"असतील. पण ही बाई तंबाखू तर सोडाच, सुपारीसुद्धा खात नाही. आणि गाठ स्वरतंतूच्या मागच्या टोकाला आहे. वरून गुळगुळीत, पिवळसर, वाटाण्यासारखी. तंतू छान हलतोय. मी असा कर्करोग पाहिलेला नाही."

मला राग आला. खरे सांगायचे तर ही सगळी माहिती फॉर्मवर हवी होती, आणि फॉर्मवर ती नव्हती म्हणून मी फोन करायला हवा होता. दोन्ही झाले नव्हते. काच पुन्हा लावली. तुकड्याच्या अगदी खालच्या कडेला, जिथे तो तुटला होता तिथे, चार-पाच मोठ्या गुलाबी पेशी होत्या, आत रव्यासारखे दाणे भरलेल्या. काल त्या मला दिसल्या होत्या. सफाई करणाऱ्या साध्या पेशी असतील म्हणून मी त्यांच्यावरून पुढे गेले होते.

डॉक्टरांनी पुन्हा भूल देऊन खोलवरचा तुकडा घेतला. त्यात त्याच दाणेदार पेशींचा ताफा होता. मेणाचा ठोकळा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, तो एस-१०० नावाच्या प्रथिनाच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवला, कारण ती सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. उत्तर आले: दाणेदार पेशींची गाठ. साधी, क्वचितच बिघडणारी, चेतातंतूंभोवतीच्या पेशींतून उगवणारी. १९२६ साली मॉस्कोच्या अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी तिचे वर्णन केले. (लेनिनचे शवविच्छेदन करणारे ते हेच.) त्यांना ती स्नायूंची वाटली आणि तसेच नाव त्यांनी तिला दिले, कित्येक वर्षांनी कळले की मूळ चेतातंतूंच्या वेष्टनात आहे. ती सर्वांत अधिक जिभेवर होते, स्वरयंत्रात कमी. पण कुठेही झाली तरी वरच्या अस्तराला ती असे काही डिवचते की ते कर्करोगाचे रूप घेते.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. बाई आभार मानायला आल्या, मला फार अवघडल्यासारखे झाले. पहिला रिपोर्ट त्यांच्या यजमानांनी वाचला होता; घरात सगळ्यांना कळले होते. बाईंनी शाळेतून दीर्घ रजा टाकली होती आणि आपल्या चांगल्या साड्या नणंदा-जावांना वाटून टाकल्या होत्या. "त्यातली एक पैठणी आता परत मागायची लाज वाटते बघा," असे म्हणून त्या हसल्या. मला हसता आले नाही. त्यांची गाठ नंतर दुर्बिणीतून काढली, आवाज थोडा खरखरीत राहिला. त्यांची पहिली काच मी अजून टेबलाच्या खणात ठेवली आहे.

चूक उलट दिशेनेही होते. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजघराण्यातले आहे. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, व्हिक्टोरिया राणीचा थोरला जावई, याचा आवाज १८८७ च्या जानेवारीत बसला. बर्लिनच्या गेरहार्ट यांना डाव्या स्वरतंतूवर लहानशी वाढ दिसली. त्यांनी ती तापलेल्या तारेने अनेकदा जाळली. ती पुन्हा आली. बेर्गमान यांच्यासारख्या नामांकित शल्यविशारदाने कर्करोगाचा संशय घेऊन गळा बाहेरून उघडून वाढ काढायचे ठरवले. त्या काळी हा जीवघेणा बेत होता; कर्करोगासाठी सबंध स्वरयंत्र पहिल्यांदा काढले त्याला, बिलरोटने व्हिएन्नात काढले त्याला, जेमतेम तेरा वर्षे झाली होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लंडनहून मोरेल मॅकेन्झी आले, घशाच्या रोगांतले त्या वेळचे सर्वांत मोठे नाव. त्यांनी सांगितले, आधी तुकडा तपासा. आजच्या दृष्टीने हे अगदी योग्य होते. तुकडा गेला तो रुडॉल्फ व्हिर्को यांच्याकडे. रोगाचे मूळ पेशीत शोधायला ज्याने जगाला शिकवले, तोच परीक्षक. याहून मोठा मिळणार कुठे?

मे-जूनमध्ये व्हिर्कोंनी तुकडे पाहिले आणि लिहिले की, अस्तर जाड झाले आहे, कर्करोग दिसत नाही. मॅकेन्झींनी युवराजाला बरे होण्याची आशा दिली; सप्टेंबरात त्यांना 'सर' हा किताब मिळाला. नोव्हेंबरात इटलीतल्या सान रेमो येथे नवी वाढ दिसली आणि कर्करोगच आहे हे सर्वांना मान्य करावे लागले. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडले. मार्चमध्ये वडील वारले आणि फ्रेडरिक सम्राट झाला. तोंडून शब्द निघत नव्हता, हुकूम चिठ्ठ्यांवर लिहावे लागत. ९९ दिवस राज्य करून १५ जूनला तो गेला. शवविच्छेदनही व्हिर्कोंनीच केले.

पुढे दोन्ही देशांच्या डॉक्टरांत जे भांडण झाले ते फार कडवट होते. मॅकेन्झींनी तर त्यावर पुस्तकच लिहिले. फ्रेडरिक उदारमतवादी होता, तो जगता तर पहिले महायुद्ध टळले असते, असे लिहिणारे इतिहासकार आहेत. एका स्वरतंतूवर इतका भार टाकायला माझी तयारी नाही. मला त्या प्रकरणातली एक वेगळीच गोष्ट खुपते. व्हिर्कोंच्या अहवालात त्यांनी सावधपणे म्हटले होते की हे मत हाती आलेल्या तुकड्यांपुरते आहे. संपूर्ण रोगाला ते लागू आहे की नाही, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. म्हणजे अहवाल चुकीचा नव्हता. वाचणाऱ्यांनी तेवढे वाक्य गाळून वाचले. शिवाय कर्करोगाचा एक चामखिळीसारखा प्रकार असतो; अमेरिकेतल्या अॅकरमन यांनी १९४८ साली तोंडातल्या अशा वाढींचे वर्णन केले, आणि तंबाखू चघळणाऱ्या आपल्या समाजात तो आम्हांला चांगलाच परिचित आहे. त्याचा वरचा भाग अगदी साळसूद असतो, दुष्टपणा सगळा तळाशी. फ्रेडरिकचा रोग याच जातीचा असावा, असे मत नंतरच्या काही पॅथॉलॉजिस्टांनी मांडले आहे. वरवरच्या तुकड्याने शिक्षिकेच्या बाबतीत नसलेला कर्करोग दाखवला आणि युवराजाच्या बाबतीत असलेला लपवला.

आता बुवा. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे घशाचा क्षय ही जुन्या पुस्तकातली गोष्ट समजली जाते. एकेकाळी तो फुप्फुसाच्या क्षयाचा हमखास सोबती होता. काफ्का त्यानेच गेला. १९२४ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या हायेक यांच्या रुग्णालयात त्याच्या स्वरयंत्राचा क्षय पक्का झाला, आणि ३ जूनला कीरलिंगच्या आरोग्यधामात तो वारला. गिळताना इतके दुखे की अन्न जात नसे, बोलायला मनाई होती म्हणून तोही चिठ्ठ्यांवर लिहीत होता. आणि त्या अवस्थेत उपाशी राहण्याची कला दाखवणाऱ्या माणसाच्या कथेची मुद्रिते तपासत होता. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून एकोणीस वर्षे होती. उपचार नव्हता, पण निदान डॉक्टरांच्या ओळखीचे होते. आज उलटे आहे. औषधे आहेत, पण घशातला क्षय क्वचित दिसत असल्यामुळे तो समोर आला तरी ओळखू येत नाही. त्यातून त्याने जागाही बदलली आहे. पूर्वी तो स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला फिकट सूज आणि व्रण करी. आता बरेचदा थेट स्वरतंतूवर, एकाच बाजूला, वाढ म्हणून दिसतो. कर्करोगाच्या घरात येऊन बसतो म्हणा ना.

बुवांचा पहिला तुकडा वरवरचा होता. लांबलेल्या जिभा, भरपूर दाह. मी लिहिले: या तुकड्यात कर्करोगाचा निश्चित पुरावा नाही, खोलवरचा तुकडा पाठवावा. असा रिपोर्ट कोणालाच आवडत नाही. घरच्यांना वाटते पैसे वाया गेले. डॉक्टरांना वाटते बाई घाबरतात. बुवांचा मुलगा लॅबमध्ये येऊन उभाच राहिला. "मॅडम, पेट स्कॅन करून मोकळं होऊ का? सगळं एकदम कळेल." पेट स्कॅनमध्ये जिथे पेशी साखर जास्त खातात तो भाग उजळतो. कर्करोग उजळतो, तसाच क्षयही उजळतो. मी त्याला म्हटले, "दादा, त्याने दिवा कुठे लागलाय ते कळेल, कोणी लावलाय ते नाही. छातीचा फोटो काढलाय का?"

काढला होता. भूल देण्याआधीच्या तपासण्यांत तो होता, पाकिटात. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पुसट डाग होते आणि कोणीतरी 'जुने' असा शेरा मारला होता. बुवांचे वजन सात किलो घटले होते. एकादश्या आणि उपासतापास यांत ते कोणी मोजले नव्हते. गिळताना कानापर्यंत कळ जाई. कर्करोगातही ती जाते, पण एवढ्याशा वाढीत एवढे दुखणे मला जास्त वाटले.

दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना दोन बाटल्या पाठवायला सांगितले, एकीत फॉर्मालिन आणि दुसरीत साधे सलाइन. ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. फॉर्मालिन ऊतींना टिकवते, पण जंतूंना मारते. सगळा तुकडा त्यात बुडवला की क्षयाचा जंतू वाढवून पाहण्याची वाट बंद होते. पहिल्या वेळी ती बंदच झाली होती. नव्या तुकड्यात अस्तराखाली जे हवे होते ते मिळाले: गोलसर पुंजके, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी, मध्ये खव्यासारखा मऊ झालेला मृत भाग. सलाइनमधल्या तुकड्यातून आणि थुंकीतून सीबीनॅट यंत्राने क्षयाचा जंतू दाखवला, नेहमीच्या औषधाला दाद देणारा. तरीही मी सगळा ब्लॉक कापून पाहिला. क्षय सापडला म्हणजे कर्करोग नाही असे होत नाही. दोघे एकाच घशात नांदताना मी पाहिले आहेत. बुवांच्या बाबतीत तसे नव्हते.

घशाचा क्षय संसर्गजन्य असतो, आणि हे तर रोज रात्री चार-चार तास माइकवर गाणारे गृहस्थ. टाळकरी, मृदंगवादक, घरातली नातवंडे, सगळ्यांची तपासणी झाली. एक नातू निघाला. त्यालाही औषधे सुरू झाली.

क्षयाचे पुंजके दिसले की आपल्याकडे पुढचा विचार थांबतो, हाही एक धोका आहे. एका मधुमेही शेतकऱ्याच्या स्वरयंत्रावरच्या झाकणाला, म्हणजे कंठच्छदाला, मोठा व्रण होता. दुसरीकडे तुकडा तपासून क्षय म्हटले गेले, दोन महिने औषधे झाली, व्रण वाढतच गेला. मग पुन्हा कर्करोगाचा संशय. त्यांचा ब्लॉक माझ्याकडे आला तेव्हा मी चांदीच्या क्षारांनी काच रंगवली. सफाई करणाऱ्या पेशींच्या पोटात दोन ते चार मायक्रॉनचे काळे ठिपके दाटीवाटीने भरले होते. हिस्टोप्लाझ्मा, मातीतली बुरशी. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत ती वाढते आणि धुळीबरोबर श्वासातून आत जाते. १९०५ साली पनामा कालव्याच्या कामावरच्या रुग्णालयात सॅम्युएल डार्लिंग यांना ती एका मजुराच्या शवात पहिल्यांदा दिसली. त्यांना ती वेष्टन असलेला प्राणिसदृश जंतू वाटली. ती प्राणी नाही आणि तिला वेष्टनही नाही, नाव मात्र तसेच राहिले. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात हे ठिपके नजरेतून सहज सुटतात. त्या शेतकऱ्याला बुरशीवरचे औषध कित्येक महिने घ्यावे लागले, पण व्रण भरला. आवाज बसला म्हणून कोणीतरी त्याला मध्ये स्टेरॉइडही दिले होते. तपासल्यावाचून घशाला स्टेरॉइड देण्याची ही पद्धत बंद व्हावी. क्षय आणि बुरशी दोघांनाही ते मोकळे रान असते.

आणखी काही सोंगे आहेत. सतत खाकरून बोलणाऱ्यांच्या, आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांच्या किंवा शस्त्रक्रियेत श्वासनळीत नळी घातलेल्यांच्या स्वरतंतूच्या मागच्या टोकाला लाल गोळा उगवतो. तो कापला की पुन्हा येतो, आणि पुन्हा आला म्हणून माणूस कर्करोगाच्या भीतीने गारठतो. त्याचे कारण दूर केले, बोलण्याची पद्धत सुधारली, पित्तावर उपचार केले की तो बहुधा विरतो. टाळूवर अचानक खोल व्रण पडतो, तिथल्या छोट्या लाळग्रंथींचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे. १९७३ साली त्याला स्वतंत्र नाव मिळाले. त्याआधी त्यापायी काहींचे टाळू विनाकारण काढले गेले. तो दीड-दोन महिन्यांत आपोआप भरतो. फक्त ते ओळखणारा कोणी हवा.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की मग रिपोर्टवर भरवसा ठेवायचा तरी कसा. माझे उत्तर रोखठोक आहे. मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार ठरला असेल आणि डॉक्टरांना दिसलेले व काचेवर वाचलेले जुळत नसेल, तर काचा आणि ब्लॉक मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, त्यातून हवे तेवढे नवे काप निघतात. मागताना संकोच करू नका; चांगल्या पॅथॉलॉजिस्टला त्याचा राग येत नाही. आला तर, १९९४ साली मला आला तसा, तो त्याने गिळावा.

बुवा औषधांचा कोर्स पूर्ण करून आले तेव्हा वाढ गेली होती, वजन भरले होते. तंबाखू सुटली का, या प्रश्नावर त्यांनी विषय बदलला. स्वरतंतूवर व्रणाचा कडक वळ राहिला आहे, तो राहणारच. पूर्वी ते काळी चारमध्ये भजन उचलायचे, आता काळी एकवर आले आहेत. "मृदंग उतरवून घ्यावा लागतो डॉक्टरबाई," ते म्हणाले, "आणि टाळकऱ्यांना ते पचत नाही. त्यांना वाटतं, बुवा म्हातारे झाले."